सातवी चौकडी



तुमच्या घरी टॉर्च असेलच. त्यात सेल भरताना आजोबा हमखास सांगतात, "जुना सेल नि नवा सेल एकत्र घालू नकोस रे!" का बरं घालायचा नाही? हा प्रश्न मी चौथीच्या वर्गात विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, त्यांचं भांडण होतं." सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण यंदाच्या जूनमध्ये माझ्या सायकलनं मला असा धडा शिकवला, की ते उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं असं आता वाटतं.

माझी सायकल विजेवर चालते. म्हणजे पायडल मीच मारते, पण २५० वॅटची एक छोटी मोटर मदतीला असते. घरापासून शाळा ९ किलोमीटर. वाटेत एक खिंड आहे. एकदा बॅटरी भरली की ३० किलोमीटर सहज जायची, त्यामुळे जाऊन-येऊन काळजी नव्हती. मे महिन्याची सुट्टी लागली, सायकल पडवीत उभी करून मी माहेरी गेले. जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी घरी येताना खिंडीच्या चढावर मोटर एकदम गप्प! वरून पाऊस, पाठीवर वह्यांची पिशवी. आणि गंमत पाहा, हँडलवर बॅटरीच्या ४ रेघा असतात, त्यातल्या २ अजून दिसत होत्या. म्हणजे अर्धी बॅटरी शिल्लक! दहा मिनिटं थांबले, तर पुन्हा चालू झाली. फर्लांगभर गेली नि पुन्हा बंद. शेवटी ढकलत नेली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या विज्ञानपेटीतला मीटर आणला. बॅटरी पूर्ण भरली, चार्जरचा दिवा हिरवा झाला, मग दोन टोकांना मीटर लावला. ४१.५ व्होल्ट. बॅटरीवर छापलं होतं, पूर्ण भरल्यावर ४२. मी मनाशी म्हटलं, पन्नासात साडेएकोणपन्नास मार्क! बॅटरीत काही दोष नाही, दोष मोटरचाच. आणि पुढचा आठवडाभर मी त्या बिचाऱ्या मोटरच्या वायरी तपासत बसले.

अखेर तालुक्याला एका काकांकडे गेले. ते पूर्वी पंपाच्या मोटारी रिवाइंड करत, आता बॅटऱ्याही दुरुस्त करतात. त्यांनी जाड हातमोजे घातले, बोटातली अंगठी आधी काढून ठेवली, मग बॅटरीचं झाकण उघडलं. आत काय असेल? मला वाटलं होतं, एक मोठा ठोकळा. पण आत होते ४० सेल! प्रत्येक १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर उंच, टॉर्चच्या पेन्सिल सेलपेक्षा थोडा धष्टपुष्ट. चार-चार सेल समांतर जोडून एकेक चौकडी केलेली, आणि अशा १० चौकड्या एकसर, म्हणजे एकामागे एक. एका चौकडीचे साधारण ३.६ व्होल्ट, दहांचे मिळून ३६. पूर्ण भरल्यावर एकेकीचे ४.२, दहांचे ४२. आलं ना लक्षात?

काकांनी मीटर दोन टोकांना लावलाच नाही. चौकड्यांमधून बारीक बारीक ११ वायरी निघून एका हिरव्या पट्टीकडे गेल्या होत्या. त्यांतल्या शेजारशेजारच्या दोन-दोन वायरींना मीटर लावत ते आकडे सांगत गेले आणि मी लिहीत गेले: ४.१९, ४.२०, ४.१९, ४.१८, ४.१९, ४.२०, ३.७५, ४.१९, ४.१८, ४.१९.

करा पाहू बेरीज. ४१.४६ येते ना? माझा मीटर खोटं बोलत नव्हता. पण दहा जणींच्या बेरजेत सातवीचं दुखणं लपून गेलं होतं. निकालपत्रकाची सरासरी काढताना आम्हा शिक्षकांचं असंच होतं हो! वर्ग सरासरीत उत्तम असतो, आणि एका मुलाला अजून जोडाक्षरं वाचता येत नसतात.

आता एक चौकडी अर्धी रिकामी, तर बाकीच्या नऊंनी सायकल का ओढू नये? त्यासाठी आपण मनातल्या मनात सहलीला जाऊ. दहा मुलं आहेत, प्रत्येकाकडे पाण्याची बाटली. नियम असा, की शिट्टी वाजली की दहाही जणांनी एक-एक घोट प्यायचा. कमी नाही, जास्त नाही. आणि एकाचीही बाटली संपली की सहल तिथेच थांबली. एकसर जोडणीत वीज अशीच वाहते. जेवढी पहिल्या चौकडीतून, तेवढीच दहाव्या चौकडीतून. भरतानाही तेच, प्रत्येक बाटलीत एकेक पेला ओतायचा, आणि कुणाचीही एक बाटली काठोकाठ भरली की सगळ्यांचंच ओतणं थांबवायचं.

मग सांगा, एका मुलाची बाटली सुरुवातीलाच अर्धी असेल तर? भरताना बाकीचे नऊ जण आधी काठोकाठ भरतील, याची अर्धीच राहील. चालताना याची आधी संपेल, नऊ बाटल्यांत अर्धं पाणी शिल्लक असूनही सहल थांबेल. माझ्या २ रेघा दिसायच्या त्या ह्याच!

हा नियम पाळायला लावणारा एक पहारेकरी बॅटरीत असतो. ती हिरवी पट्टी म्हणजेच तो. तिला बी.एम.एस. म्हणतात. कुठलीही एक चौकडी साधारण २.८ व्होल्टच्या खाली गेली की तो मोटरची वीज तोडतो, आणि कुठलीही एक ४.२५ च्या आसपास चढली की चार्जरची वीज तोडतो. बॅटरी-बॅटरीप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे असतात. मोटर थांबवत होता तो हाच. जरा वेळ थांबलं की चौकडीचे व्होल्ट किंचित वर येत, म्हणून सायकल पुन्हा फर्लांगभर चालायची.

मला वाटेत एका सायकलवाल्यानं सुचवलं होतं, "बाई, त्या पट्टीला बाजूनं वायर मारा, बंदच पडणार नाही!" मी ते काकांना सांगितलं मात्र, ते हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहायलाच लागले. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता ना मुलांना?" मग त्यांनी समजावलं. लिथियमचा सेल फार खाली उतरला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा भरताना ते तांबं नको तिथे जमतं आणि सेलच्या आतच शॉर्ट सर्किट होऊ शकतं. आतला द्रव ज्वालाग्राही. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. पहारेकऱ्याला झोपवून चोरांना बोलावण्यातला प्रकार! मुलांनो, म्हणूनच अशी बॅटरी तुम्ही कधीही उघडायची नाही. विज्ञान प्रदर्शनासाठीसुद्धा नाही.

पहारेकऱ्याचं आणखी एक काम असतं. बॅटरी भरत आली की ज्या चौकड्या पुढे गेल्या असतील त्यांची थोडी वीज तो बारीक रोधांतून उष्णता करून उडवतो, म्हणजे मागे पडलेलीला गाठता येतं. पण हे काम मुंगीच्या पावलानं चालतं. माझ्या पट्टीची ही ताकद ५० मिलिॲम्पिअरची. सातवी ५ ॲम्पिअर-अवर मागे होती. भागाकार करा, १०० तास! म्हणून काकांनी वेगळा उपाय केला. एकाच सेलला चालणारा ४.२ व्होल्टचा चार्जर फक्त सातवीला लावला आणि १ ॲम्पिअरनं हळूहळू भरली. पाच-सहा तासांत ती इतरांच्या बरोबरीला आली. मी आनंदानं बॅटरी उचलायला गेले, तर काका म्हणाले, "थांबा. आता आठ दिवस हिला हात लावायचा नाही."

हे आठ दिवस कशासाठी? मागे पडण्याची कारणं तीन असू शकतात. बाटली नुसतीच अर्धी भरलेली असेल, तर एकदा भरल्यावर काम झालं. बाटली मुळातच लहान असेल, म्हणजे सेल थकला असेल, तर ती भरताना सर्वांत आधी काठोकाठ भरते आणि चालताना सर्वांत आधी संपते. पूर्ण भरल्यावर सर्वांत वर, उतरल्यावर सर्वांत खाली. आणि तिसरं कारण, बाटली गळकी असेल. ते मीटरला त्या क्षणी दिसत नाही. वाटच पाहावी लागते.

आठ दिवस मी सहाच्या एस.टी.नं शाळेत गेले. नवव्या दिवशी पुन्हा आकडे घेतले. नऊ चौकड्या ४.१७-४.१८ वर. सातवी ४.०८.

गळकी! आणि सुट्टीतल्या सहा आठवड्यांत ती कशी रिकामी होत गेली, तेही कळलं. मी म्हटलं, "काका, दर पंधरा दिवसांनी तिला तेवढी भरून घेतली तर नाही का चालणार?" पैसे वाचवायचा विचार, दुसरं काय! ते म्हणाले, "बाटली गळली तर पाणी सांडतं. सेल आतून गळतो तेव्हा तो आतून तापतो. मी भरून देणार नाही."

त्यांनी सातवीच्या निकेलच्या पट्ट्या कापल्या, चारही सेल सुटे करून ठेवले, आणि चारांतला एकच सेल उतरत होता असं निघालं. बाकीचे तीन त्याला गुपचूप वीज पुरवत होते. मग चार कोरे करकरीत सेल का नाही घातले? इथे आजोबांचा नियम आला. काकांनी त्याच बनावटीचे, तेवढेच वापरलेले चार सेल शोधले, त्यांची क्षमता मोजून घेतली आणि स्पॉट वेल्डिंगनं जोडले. सोल्डरिंगनं सेलला फार आच लागते म्हणे. काढलेला सेल वाळूच्या डब्यात घालून दुकानाबाहेर ठेवला, नंतर जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे दिला. आपल्या देशात २०२२ पासून नियमच आहे, वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांची. कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत.

जाता जाता सांगते, असे लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनी कंपनीनं प्रथम बाजारात आणले. ते ज्यांच्या संशोधनामुळे शक्य झाले त्या स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! इतक्या वयाच्या माणसाला नोबेल त्याआधी कधीच मिळालं नव्हतं.

आई-बाबांसाठी दोन शब्द: घरी अशी सायकल किंवा स्कूटर असेल तर तिच्या कंपनीचाच चार्जर वापरा. आपण जागे असतानाच, दारापासून दूर लावा, म्हणजे वेळ आली तर बाहेरची वाट मोकळी राहील. अधूनमधून हिरवा दिवा लागल्यावरही तासभर चार्जर राहू द्या, पहारेकऱ्याला आपलं समतोलाचं काम करता येतं. लांब गावाला जाताना बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा. आणि फुगलेली, तापणारी किंवा वास येणारी बॅटरी चार्जिंगला लावूच नका.

आता तुमच्यासाठी कोडं. एका सायकलच्या बॅटरीत १३ चौकड्या एकसर आहेत. पूर्ण भरल्यावर सगळ्यांचे मिळून ५३.१० व्होल्ट भरले. त्यांतल्या १२ चौकड्या प्रत्येकी ४.१८ वर आहेत. तर तेरावी कितीवर असेल? आणि सायकल घेऊन निघालात तर ती लवकर थांबेल की उशिरा? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, आकडेमोडीसकट बरं का!

तुमच्या बाई