बारीक मनगट आणि जड ठोसा

भवानी पेठेंतील आमच्या घरीं गेल्या महिन्यांत एक लहानसें प्रकरण घडलें. आमचा चौदा वर्षांचा नातू मुष्टियुद्ध शिकूं लागला होता. एका सायंकाळीं घरीं आलेल्या गृहस्थांनीं त्याचें मनगट दोन बोटांत धरून 'हाडच बारीक, ठोशांत जोर येणार कोठून?' असा निकाल दिला. त्यांस उत्तर देण्याऐवजीं आम्ही 'काडीपैलवान' म्हणून हंसलों. पस्तीस वर्षें मुलांपुढें उभे राहूनहि जिभेस लगाम नाहीं, हें आमचें वैगुण्य! दुसऱ्या दिवसापासून मुलानें जाणें सोडलें.

तेव्हां आम्हांस थोडा शोध करणें प्राप्त झालें. भागवतांतील मथुरेचा आखाडा वाचकांस आठवत असेल. जोड विषम आहे म्हणून स्त्रियांनीं सभेस दोष दिला. परंतु ज्याचें नांवच मुठीवरून पडलें तो मुष्टिक कोवळ्या बलरामाच्या तळहाताच्या तडाख्यानें पडला. पुराण प्रमाण नको असेल तर वेल्सचा जिमी वाइल्ड घ्यावा. कोळशाच्या खाणींत राबलेला हा किडकिडीत मनुष्य १९१६ पासून १९२३ पर्यंत फ्लायवेट गटाचा जगज्जेता होता. गटाची मर्यादा ११२ पौंड. त्याचें वजन बहुधा त्याहूनहि कमी भरे. तरी नव्वदांहून अधिक लढती त्यानें मुदतीपूर्वींच निकालांत काढल्या. बॉब फिट्झसिमन्सचे पाय तर हंसण्याजोगे बारीक, पण खांदे लोहारकीनें कमावलेले. १८९७ सालीं कार्सन सिटी येथें आपल्याहून जड अशा कॉर्बेटला त्यानें पोटाच्या वरच्या खळग्यांतील एका ठोशानें खालीं बसविलें.

जोर निघतो तो टांचेखालच्या जमिनींतून. मागचा पाय रेटतो, कंबर वळते, खांदा पुढें येतो; मूठ तो केवळ पोंचविते. हातमागाचा धोटा हलकाच, पण दोरीच्या झटक्यानें सण्णकन् पलीकडे जातो, हें सोलापूरकरांस सांगणें नलगे. वजन दुप्पट झाल्यास ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाल्यास चौपट. वजनास अर्थच नाहीं असें मात्र नव्हे. जड मनुष्य सरासरीनें अधिक जोरानें मारतो, म्हणून तर गट पाडले आहेत. पण ते तराजूनें ठरतात, मनगटाच्या मापानें नाहीं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचें १९५२ चें हेलसिंकीचें कांस्यपदक कुस्तींतलें खरें, तरी तेंहि बँटमवेट या हलक्याच गटांतलें.

बारीक हाडाचा धोका असतो तो मारणाऱ्यासच. करंगळीच्या मुळाशीं असलेलें तळहाताचें हाड चुकलेल्या ठोशानें मोडतें. डॉक्टर त्यास 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. वास्तविक भिंतीवर राग काढणारेहि त्याच दुखण्यानें दवाखान्यांत येतात! शिकलेला मनुष्य मनगट सरळ ठेवून तर्जनी व मध्यमेच्या गांठींनीं मारतो, आणि हाताला पट्टी बांधल्यावांचून उभा राहत नाहीं. शिवाय हाड जिवंत आहे. नियमित, बेताच्या भारानें तें वाढत्या वयांत घट्ट होतें.

हें सर्व आम्हीं नातवास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारिलें, "मग आजोबा, तुम्ही हंसलांत कां?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सोमवारीं तो पुन्हां निघाला. जातांना पट्टी बांधण्यासाठीं त्यानें आमच्यापुढें हात केला. मनगट खरोखरच बारीक आहे.