पट्टा मांडीला, ताण पाठीला

परवा ओपीडीत बावीस वर्षांचा मुलगा आला. दोन्ही मांड्यांवर पट्ट्याचे वळ आणि डावा पाय जड वाटतो अशी तक्रार. जिममध्ये रबरी पट्टा आवळून स्क्वॉट्स मारत होता. ‘सर, ऑलिंपिकवालेसुद्धा हेच करतात,’ म्हणाला. ते खोटे नाही. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल अँड्र्यू दंडाला, मांडीला असे पट्टे बांधून सराव करताना सगळ्यांनी पाहिला. मुलाची डॉपलर तपासणी सुदैवाने ठीक आली. पण पाय जड होण्यापलीकडची त्याची दुसरी तक्रार मला जास्त बोलकी वाटली: ‘मांडी भरली, पण कंबर दुखायला लागली.’

या पद्धतीला ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, म्हणजे बीएफआर, म्हणतात. मूळ जपानमधले. १९६६ मध्ये योशिआकी सातो या तरुणाचे पाय बौद्ध विधीत गुडघ्यांवर बसून बधिर झाले, तेव्हा ती जाणीव त्याला व्यायामानंतरच्या ताणासारखी वाटली. त्यातून ‘कात्सू’ पद्धत जन्मली. पट्टा असा बांधायचा की पायाकडे रक्त थोडे कमी जाईल आणि परत येणारे रक्त बरेचसे अडेल. मग एका वेळी जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या २० ते ४० टक्के वजनावरच व्यायाम करायचा.

एरवी हलक्या वजनाला स्नायूतले संथ तंतूच पुरतात. ताकदीचे, वेगवान तंतू जड कामासाठी राखून ठेवलेले असतात. पट्ट्यामुळे प्राणवायू कमी पडतो, स्नायूत टाकाऊ द्रव्ये साचतात, संथ तंतू लवकर दमतात आणि मेंदूला राखीव फौज बोलवावी लागते. स्नायूतल्या विजेच्या लहरी मोजल्या तर तेवढ्याच हलक्या वजनापेक्षा पट्ट्यासह त्या जोरकस दिसतात. जड वजनाइतक्या मात्र सहसा नाही. म्हणूनच स्नायूचा आकार जड वजनाच्या व्यायामाच्या जवळपास वाढतो, पण ताकद तेवढी वाढत नाही. कारण ताकद म्हणजे नुसते मांस नव्हे. कोणत्या स्नायूने कधी आवळायचे, कोणी सैल सोडायचे, हा मज्जासंस्थेचा मेळ असतो आणि जड वजन पेलण्याचा मेळ जड वजन पेलूनच जमतो.

शिवाय दमलेला स्नायू शेजाऱ्याकडे उसनवारी करतो. दंडाला पट्टा बांधून बेंचप्रेस केला तर दंडामागचा स्नायू लवकर थकतो आणि पट्ट्याच्या वरची छाती जास्त राबते. तिथे हा फायदाच. पण स्क्वॉटमध्ये मांडी थकली की धड पुढे झुकते आणि भार पाठीवर जातो. माझ्या पेशंटचे बहुधा हेच झाले होते. वजन हलके, म्हणून ट्रेनरचे त्याच्या ठेवणीकडे लक्ष नव्हते!

गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ही पद्धत खरोखर कामाची आहे. सुजलेल्या गुडघ्यामुळे मज्जासंस्थाच मांडीच्या स्नायूला आवरून धरते, जड वजन तर देता येत नाही. तेव्हा खुर्चीत बसून पाय सरळ करण्यासारख्या साध्या हालचाली पट्ट्यासह करून घेता येतात. तोल सांभाळणे, पायरी उतरणे मग पट्ट्याशिवाय वेगळे शिकवावे लागते. यात फिजिओथेरपिस्ट आधी डॉपलरने रक्त पूर्ण थांबण्याचा दाब शोधतो आणि त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब ठेवतो. मांडी जाड असेल, पट्टा अरुंद असेल, तर हा आकडा बदलतो.

शिरेत पूर्वी गुठळी झालेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, मधुमेहामुळे पायाचा रक्तपुरवठा कमी झालेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणखी एक गट आपल्याकडे विसरला जातो: सिकलसेलचे रुग्ण. प्राणवायू कमी पडला की त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि पट्टा नेमके तेच घडवतो. वाहकांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. गडचिरोली, नंदुरबारकडच्या अनेक मुलांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नसते. जिमच्या फॉर्मवर हा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही.

‘मग किती आवळायचा?’ मुलाने जाताना विचारले. मी पट्टा दाखव म्हटले. त्याने बॅगेतून काढून टेबलावर ठेवला. त्यावर कंपनीचे नाव होते, साइज होती. दाब दाखवणारे काहीच नव्हते.