ध्यान शिकवताय? मग एवढं सांभाळा

सोसायटीच्या हॉलमध्ये, गच्चीवर, कुणाच्या घरी आता ध्यानाचे वर्ग भरतात. तुम्हीही चार जणांना बसवत असाल. काम चांगलं आहे. पण तुमच्या पाठीशी संस्था नाही, चूक दाखवायला वडीलधारं कुणी नाही. म्हणून सचोटीचा सगळा भार तुमच्या एकट्यावर आहे.

पहिलं म्हणजे, कुठे आणि किती शिकलात ते खरं सांगा. इगतपुरीला विपश्यनेचं १० दिवसांचं एक शिबिर केलं असेल, तर "एक शिबिर केलंय" एवढंच म्हणा. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत शिबिर केलेला माणूस साधक असतो. शिकवायचं काम नेमलेले आचार्यच करतात. तेव्हा त्या परंपरेच्या नावाची पाटी आपल्या दाराला लावू नका. पुस्तक वाचून शिकला असाल, तर तसं सांगा.

पैशाचं आधीच बोला. इगतपुरीला फी नसते. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. तुम्ही फी घेतलीत तर त्यात वावगं काही नाही. हॉलचं भाडं असतं, तुमचा वेळ जातो. पण मोफत म्हणून बोलवायचं आणि मग "पुढच्या पायरीचे" पैसे मागायचे, हे नको. कुणी मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतील का, तेही पत्रकावर लिहा.

आजार बरा करण्याचं वचन देऊ नका. ध्यानाने मन निवायला मदत होते, एवढं म्हणा. मधुमेह, फिट यांसारख्या आजारांवर मंत्र-तंत्राने इलाज होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. आणि कायदा राहू द्या. तुमच्या शब्दावर एखाद्या आजींनी बीपीची गोळी सोडली, तर त्याचे परिणाम त्यांच्या घराला भोगावे लागतात. "गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका," हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

नवीन माणूस आला की त्याला बाजूला घेऊन विचारा. फिट येतात का? मानसिक आजाराची औषधं चालू आहेत का? घरात नुकतंच कुणी गेलंय का? हे चारचौघांत विचारू नका. कळलेलं बाहेर बोलू नका. औषधं चालू असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन यायला सांगा.

बसल्या बसल्या कुणाचा श्वास भरभर चालू लागला, हात थरथरले, रडू आवरेना, तर "आतलं सगळं बाहेर पडतंय, चांगलं आहे" असं म्हणून बसवून ठेवू नका. डोळे उघडायला सांगा. पाय जमिनीला टेकू द्या. पाणी द्या. खिडकीबाहेर काय दिसतं ते विचारा. एकट्याला घरी पाठवू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा.

भीती जात नसेल, झोप उडाली असेल, तर ध्यान थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो. तो फळ्यावर लिहून ठेवा.

दार लावून कुणा एकट्याला शिकवू नका. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका. वर्ग सोडून गेलेल्याला नावं ठेवू नका.

आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर "मला माहीत नाही" म्हणा. त्याने मान कमी होत नाही.

आज तुमचं पत्रक हातात घ्या. एकेक ओळ वाचा. जी ओळ समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता येणार नाही, ती खोडून टाका.