विश्लेषण : जनुकीय बदल केलेल्या डासांत ‘कुंपण’ कशासाठी? फळमाशीचा त्याच्याशी काय संबंध?

ऑगस्ट २०२५ मध्ये बुर्किना फासो सरकारने ‘टार्गेट मलेरिया’ प्रकल्पाचे काम थांबवले आणि जनुकीय बदल केलेल्या डासांवरील वाद पुन्हा पेटला. असे डास सोडावेत की नाही, यावर भरपूर बोलले गेले. त्याआधीचा प्रश्न मात्र मागेच राहिला : डासात घातलेले जनुक ठरल्याप्रमाणे काम करते का?

ते बरेचसे जागेवर ठरते. गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागात पडलेले जनुक जवळपास गप्प बसते. तेच दुसरीकडे जोमाने चालते. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंना ‘इन्सुलेटर’ लावता येतात. हे डीएनएचेच छोटे तुकडे शेजारचे संदेश अडवतात.

कुंपण उभे कसे राहते?

प्रथिनांच्या जोरावर. फळमाशीच्या ‘जिप्सी’ इन्सुलेटरवर आधी ‘सप्रेसर ऑफ हेअरी विंग’ हे प्रथिन बसते. त्याला ‘सीपी१९०’ आणि ‘मॉड-एमडीजी४’ येऊन चिकटतात. या दोघांत ‘बीटीबी’ नावाचा भाग असतो. दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवणे, हे त्याचे काम. सीपी१९० चे दोन रेणू त्याच्या आधारे जोडी करतात; मॉड-एमडीजी४ चे रेणू मोठा गट बांधतात. बीटीबी माणसातही आहे, पण मॉड-एमडीजी४ मधला प्रकार फक्त कीटक, खेकडे, कोळी यांच्या संधिपाद गटात सापडतो.

डासात ते चालते?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये जिप्सीचे तुकडे ‘अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी’त वापरले. मुंबईत गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या तपासल्या जातात त्या मुख्यतः याच डासासाठी. घातलेल्या जनुकाचे काम वाढले आणि स्थिरही झाले. माशी आणि डास यांच्या वाटा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे पाहता निकाल लक्षणीय आहे. सप्रेसर ऑफ हेअरी विंग हे प्रथिन संधिपादांच्या पूर्वजांतही होते, हे त्याचे एक संभाव्य कारण. पण फळमाशीतील इन्सुलेटर प्रथिनांचा पूर्ण संच तिच्याच प्रजातींत आढळतो. त्यामुळे तिचे कोणतेही कुंपण उचलून डासात लावता येईल, असे नाही.

‘कुंपण’ या शब्दाने एक गैरसमज सहज होतो. ते जनुकाला गुणसूत्रावरच्या शेजाऱ्यांपासून वाचवते, एवढेच. डास बाहेर सोडल्यावर ते जनुक रानातल्या डासांत पसरेल की नाही, हे ते ठरवत नाही. त्यासाठी नर वांझ करण्यासारखे वेगळे उपाय लागतात.