मुलांशी बोलतानाच जीभ का अडखळते?

एडीएचडी, म्हणजे अवधानअस्थिरता आणि अतिचंचलता, या विकारावर मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधे गुणकारी ठरतात, हे आम्हांस मान्य आहे; योग्य निदान करून ती देणाऱ्या डॉक्टरांशी अथवा पालकांशी आमचे भांडण नाही. भूक मंदावेल, झोप उडेल, एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांना मात्र आमचा रोकडा सवाल आहे : उरलेले कोण सांगणार?

कारण उरलेले क्षुल्लक नाही. क्वचित एखाद्या मुलाच्या बोटांचा रक्तपुरवठा आकसतो. ती पांढरीफटक, मग निळी पडतात, बधिर होतात, आणि घरचे थंडीला दोष देत बसतात. क्वचित एखादे लेकरू अंगावर किडे चालताहेत म्हणून भेदरून हात झटकू लागते; त्याला ‘नाटके करू नकोस’ म्हणून दटावले जाते. औषधाने दाखवलेल्या भासाची शिक्षा त्या पोरालाच!

पण मौनाची परिसीमा पुढेच आहे. लिंगाची वेदनादायक, दीर्घकाळ न उतरणारी ताठरता मिथाइलफेनिडेटमुळे क्वचित उद्भवू शकते, वेळेत उपचार न झाल्यास कायमची इजा होऊ शकते, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१३ मध्ये दिला. नोंदलेल्या रुग्णांत ८ वर्षांचा मुलगाही होता. वयात न आलेल्या मुलांना हे उमगणार नाही, किंवा लाजेने ती सांगणार नाहीत, हेही त्या इशाऱ्यातच नमूद आहे. आता, ज्या समाजात प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून ओलांडला जातो, ज्या घरात त्या अवयवाचे नाव उच्चारणेही असभ्य ठरते, आणि ज्या दवाखान्यात डॉक्टर आईबापांशी बोलतात पण समोर बसलेल्या मुलाकडे मान वर करून पाहत नाहीत, तिथे हा मुलगा पांघरुणाखाली दात आवळून, आपल्याच हातून काही पाप घडले असे समजून, रात्रभर कण्हत पडणार नाही तर काय करील? या सोवळेपणाला आम्ही क्रौर्य म्हणतो.

डॉक्टरांनो, चिठ्ठी लिहिताना हे मुलाच्या देखत, त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. पालकांनो, घाबरून औषध परस्पर बंद करू नका. पण आजच मुलाला जवळ बसवून ही गोष्ट त्याच्या कानावर घाला. आणि चार तास उलटूनही ताठरता उतरली नाही, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या.