मासे वाढले, पण कोणते?

शिवसमुद्रचा धबधबा उतरून कावेरी मेकेदाटूच्या अरुंद घळीकडे निघते, त्या मधल्या पट्ट्यात दोड्डमकळी, भीमेश्वरी आणि गालिबोर ही तीन ठिकाणे आहेत. देशोदेशीच्या गळशौकिनांना ही नावे पाठ होती, कारण येथील खडकाळ डोहांत महासीर मासा राहतो. १९४६ मध्ये कावेरीच्या कबिनी या उपनदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाने धरला. स्वातंत्र्यानंतर मात्र हा मासा संपला अशी समजूत रूढ झाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज तरुणांनी येथे येऊन प्रचंड मासे धरून दाखवले, तेव्हा ती समजूत खोटी ठरली. पुढे कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस कंपनीने नदीकाठी तळ उभारले. मासा धरावा, तोलावा आणि जिवंत परत सोडावा, हा तेथला नियम होता.

अशा तळावर संध्याकाळी कोणता विषय निघत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. नदीत मासे पुन्हा वाढत आहेत की नाहीत, हाच तो विषय. ज्याच्या गळाला दिवसभरात चार मासे लागले तो नदी सुधारल्याची ग्वाही देणार, आणि रिकाम्या हाताने परतलेला तिच्या नावाने बोटे मोडणार. गळवाल्यांच्या गप्पांतला मासा सांगणाऱ्यागणिक वाढतो, हे जगजाहीर आहे. म्हणून अशा साक्षीला शास्त्रज्ञ सहसा किंमत देत नाहीत. कावेरीवर मात्र या गप्पांच्या मागे वह्या होत्या. किती तास गळ पाण्यात होता, किती मासे लागले, त्यांचे वजन किती भरले, याच्या नोंदी गालिबोरच्या तळावर वर्षानुवर्षे राहिल्या.

एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९८ ते २०१२ या काळात सुमारे २३,६०० तासांच्या गळफेकीत ६,१६१ महासीर धरले गेले होते. त्यांत अर्ध्या किलोचे पोरही होते आणि ४७ किलोंच्या आसपासचा बुजुर्गही होता. तासांच्या हिशेबाने मिळणारी माशांची संख्या या काळात वाढत गेली होती आणि सरासरी वजन उतरले होते. नदीत नवी पिढी भरभरून जन्माला येत आहे, असाच याचा सरळ अर्थ. नदी सुधारली म्हणणाऱ्यांचा पक्ष आकड्यांनी खरा ठरवला होता.

पण तो अर्धाच खरा होता. कावेरीतला जो महासीर जगप्रसिद्ध होता त्याच्या पाठीवर उंच कुबड असते आणि अंगावर सोनेरी झाक असते. नोंदींतील वाढते मासे बहुतांशी हे नव्हतेच. ते निळसर परांचे वेगळ्या जातीचे महासीर होते. दोन जाती वेगळ्या काढून हिशेब मांडला, तेव्हा कुबडाच्या माशाचे चित्र नेमके उलटे निघाले. त्याची संख्या घसरत गेली होती आणि सरासरी वजन चढत गेले होते. वजन वाढले म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही. लहान मासे गळाला लागेनासे झाले, उरले ते म्हातारे, आणि म्हाताऱ्यांमुळे सरासरी चढली. ज्या गावच्या शाळेत मुले नाहीत आणि पारावर वृद्धांची दाटी आहे, त्या गावचे सरासरी वयही असेच वाढलेले असते.

हा निळ्या परांचा मासा कावेरीत आला कोठून, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन केले तो पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा हाच. आपल्याकडे त्याला खडची म्हणतात. १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपन्यांनी लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी त्याचे बीजोत्पादन सुरू केले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी अंडी काढून फलित करण्याची आणि ओल्या कापसात घालून दूरवर पाठवण्याची पद्धत तेथे बसवली. भारतीय मत्स्यशास्त्रातले ते मोलाचे काम आहे, आणि त्यामागील हेतूबद्दल कोणी शंका घेऊ नये. महासीर सर्वत्र घटत होता, म्हणून तो वाढवून नद्यांत सोडायचा, इतका तो सरळ होता. लोणावळ्याची बोटुकली परप्रांतांतही गेली, तशीच ती कावेरीतही गेली. नंतर कर्नाटकानेही हारंगी येथे पैदास केंद्र काढले.

चूक झाली ती ‘महासीर’ या एका शब्दात सर्व जाती बसवण्यात. कोणत्या नदीत कोणता महासीर, हे पाहिलेच गेले नाही. कुबडाच्या माशाची गोष्ट तर विलक्षण आहे. शे-दीडशे वर्षे गळवाल्यांनी त्याची छायाचित्रे काढली, तरी त्याला निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. २००७ मध्ये केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतील लहान नमुन्यांवरून एका महासीराचे वर्णन झाले आणि भारतीय प्राणिसर्वेक्षणातील संशोधिका के. रेमादेवी यांचे नाव त्याला देण्यात आले. तोच हा कुबडाचा मासा, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तो जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. नाव आणि मरणाची नोटीस एकाच वेळी हाती पडावी, असा हा प्रकार. इकडे खडची आता त्या यादीत संकटग्रस्त राहिली नाही, असे २०२०च्या अखेरीस अभिमानाने जाहीर झाले. मात्र साइक्सने जिथून ती नोंदवली, ती मुळा-मुठा पुण्यात सांडपाणी वाहून नेते.

सगळा दोष पाहुण्या माशावर टाकणे अन्यायाचे होईल. कृष्णराज सागर आणि मेट्टूर या धरणांनी नदीचे तुकडे केले, वाळूउपशाने तळ खरवडला, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनी डोह उद्ध्वस्त केले. पण या आघातांनी खचलेल्या माशाच्या घरात आपण दुसरा मासा लाखांनी आणून सोडला आणि एकूण संख्या वाढली म्हणून समाधान मानले. किती बीज सोडले याचा आकडा वार्षिक अहवालात शोभून दिसतो; सोडलेल्याने कोणाची जागा घेतली, हा रकाना त्या अहवालात नसतो.

यानंतरचा निर्णय अधिक विचार करायला लावणारा आहे. हा पट्टा कावेरी अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अर्थावरून तेथील गळ टाकणे २०१२ पर्यंत बंद झाले. अभयारण्यात प्राण्याला गळाला लटकवून करमणूक करणे गैर आहे, हा आक्षेप क्षुल्लक नाही. परत सोडलेल्या माशालाही वेदना होतेच. परंतु त्या दिवसापासून गालिबोरची वहीही मिटली. तळांवर काठाकाठाने फिरणारे स्थानिक रखवालदार होते, त्यांतले काही पूर्वी चोरून मासे मारणारेच होते. त्यांचा रोजगार गेला आणि राखणही गेली. बंदी करणाऱ्यांनी नोंदींची दुसरी व्यवस्था त्याच हुकमात लावून दिली असती, तर या बंदीविरुद्ध बोलण्यासारखे फारसे उरले नसते. गळाऐवजी वनखात्याने आणि विद्यापीठांनी जातवार मोजणी हाती घ्यावी. ते जमणार नसेल, तर परवाना देऊन मोजक्या गळवाल्यांकडून ती करून घ्यावी. कोणीच न मोजण्यापेक्षा यातले काहीही बरे.

कुबडाचे मासे अद्याप पूर्ण संपलेले नाहीत. २०१८च्या संशोधनासाठी नमुने मिळाले ते तामिळनाडूतील मोयार नदीतून. निलगिरीच्या पायथ्याशी जंगलातून वाहणाऱ्या या नदीत त्यांची पैदास होते आहे की तेही केवळ म्हातारेच उरले आहेत, हे वजनाच्या नोंदीच सांगतील. त्या नोंदी होईपर्यंत मोयारमध्ये बाहेरचे एक बोटुकलेही सोडू नये, एवढा हुकूम काढायला ना पैसा लागतो, ना नवा कायदा.