उन्हात ठेवलेली बाटली

जुलाबाच्या रुग्णाला आम्ही डॉक्टर सहज सांगतो, पाणी उकळून प्या. पण ज्या घरात स्वयंपाकालाच सरपण पुरत नाही, त्यांनी काय करायचे?

१९९० च्या दशकात केनियातल्या मासाई मुलांना पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून उन्हात ठेवायला सांगितले गेले. त्यांच्यात जुलाब कमी झाले. उन्हातली अतिनील किरणे जंतू मारतात; पाणी ५० अंशांपर्यंत तापले तर आणखी लवकर.

बाटली पारदर्शक हवी, दोन लिटरपेक्षा मोठी नको. ती वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून वरून बघा. अक्षरे दिसत नसतील तर पाणी गढूळ आहे, आधी गाळून घ्या. चांगल्या उन्हात सहा तास, ढगाळ हवेत सलग दोन दिवस. पावसाची झड लागली तर मात्र पाणी उकळून घ्या. आणि फ्लोराइड, आर्सेनिक उन्हाने जात नाहीत.

हे सगळे खरे, तरी बोलिव्हियातल्या २००९ च्या अभ्यासात जुलाब फारसे घटले नाहीत. बाटल्या नियमित वापरणारी घरे जेमतेम एक तृतीयांश होती. मला यात नवल वाटत नाही. रोज बाटल्या भरायच्या, छपरावर चढवायच्या, संध्याकाळी उतरवायच्या. हे काम बहुधा घरातल्या बाईवरच पडते. त्यामुळे बाटल्या वाटल्या म्हणून नळाचे पाणी लांबणीवर टाकणे मला मान्य नाही.